बंदीची झावळी

वास आला आणि नेन फेब्रोनियाचे पाय जागच्या जागी थांबले.

पाठीवर करंडी, हातात कोयता, अशी ती बेटाच्या मागच्या अंगाला आपल्या कसाव्याच्या वाडीकडे चालली होती. सकाळचे आठ वाजले असतील. वारा त्या दिवशी फिरून मागच्या समुद्रावरून येत होता आणि त्या वाऱ्याबरोबर लोला शिजल्याचा वास येत होता. दुसरा कसला म्हणायची सोयच नाही. मासा वेगळा, खेकडा वेगळा, माकूल वेगळं. उकळत्या पाण्यात लोलाचे भोवऱ्यासारखे शंख पडले की थोडा गोडसर, थोडा उग्र असा जो वास सुटतो तो नुहुलेरच्या माणसाला झोपेतही कळतो. आणि नुहुलेरात गेली दोन वर्षं लोला शिजलाच नव्हता. शिजेल कसा? समुद्राला बंदीची झावळी बांधलेली होती. आणि बांधणारी कोण, तर हीच नेन फेब्रोनिया.

ती उतार उतरून खाली गेली. मागच्या किनाऱ्यावर एरवी चिटपाखरू नसतं. तिथे तीन चुलींवर अर्धी कापलेली पिंपं रटरटत होती, दोन परके बाप्ये उघड्या अंगाने फावड्यांनी लोला ढवळत होते, आणि कातळाच्या अलीकडे, अगदी बंदीच्या पाण्यात, एक निळी होडी नांगर टाकून उभी होती. होडीवर कॉम्प्रेसर धडधडत होता. त्यातून पिवळ्या नळ्या पाण्यात सोडलेल्या होत्या. म्हणजे खाली आणखी माणसं होती, नळी तोंडात धरून तळ खरवडत फिरणारी. आणि नेनने स्वतःच्या हाताने रोवलेला जो बांबू, ज्याच्यावर ती दर दोन महिन्यांनी कोवळी झावळी बदलायची, त्या बांबूवर त्यांनी चड्ड्या वाळत घातल्या होत्या.

एवढं बघून तिने कोयता चालवला नाही हे त्या दोघांचं नशीब. तिने फक्त विचारलं, कुणाच्या परवानगीने. त्यातला एक हसला, चांगल्या मनाने हसला, त्याला काय ठाऊक. म्हणाला, घाबरू नको आजी, चोर नाही आम्ही, बापा राजांनी कागद दिलाय. कधीपासून, तर एप्रिलपासून, येऊन-जाऊन. वर त्याने तिला बसायला फळी दिली आणि वाटीभर शिजलेलं मांसही पुढे केलं.

नेनने वाटी घेतली नाही. चुलीच्या मागे एक ढीग होता, तिकडे ती गेली. लोलाच्या तोंडाला एक पातळ गोल चकती असते, दार लावल्यासारखी. शिजला की ती गळून पडते. त्या चकत्यांचा ढीग तिच्या कमरेपर्यंत आला होता. तिने मूठभर उचलल्या, तळहातावर पसरल्या. मोठ्या होत्या, मधल्या होत्या, आणि तान्ह्या पोराच्या नखाएवढ्या होत्या. नखाएवढ्याच जास्त. बायांनो, तान्हेसुद्धा सोडले नाहीत मेल्यांनी. मूठभर चकत्या तिने नेसलेल्या सारोंगच्या घडीत खोचल्या आणि कसावा न काढताच ती मागे फिरली.

वाट चढताना तिला धाप लागली ती वयाने नव्हे. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

ही बंदी कशासाठी होती हे बेटावर शेंबड्या पोरालाही माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी पश्चिमेचं वारं सुटलेलं असताना नेनची धाकटी लेक देल्फिना बाळंतपणात अडली. मोठ्या बेटावर दवाखाना आहे, पण नुहुलेरात तेव्हाही इंजिनाची होडी नव्हती आणि आजही नाही. सहा जणांनी वल्ही मारली. तेरा तास. दवाखान्याचे दिवे दिसायला लागले तेव्हा देल्फिना गेली, आणि पोटातलं तिच्याबरोबरच गेलं. तिला तसंच परत आणलं. सगळ्यात मागच्या वल्ह्यावर मेल्कियास होता. त्याच्या हातांची सालटी निघाली होती आणि तो ते हात कुणाला दाखवत नव्हता.

त्यानंतर गावाची बैठक झाली. दोन वर्षं कातळाला कुणी हात लावायचा नाही, लोला वाढू द्यायचा, मग झावळी सोडायची, सगळ्या गावाने मिळून एका दिवसात काढायचा, त्याची कवचं बटणवाल्यांना विकायची, आणि इंजिन घ्यायचं. ठराव बापा राजांनी मांडला. बापा राजा म्हणजे हेर्मानुस, नेनच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. गावचा मुखिया. बोलायला लागला की मधाचं बोट. त्या दिवशी त्याने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं की नुहुलेरची दुसरी लेक वल्ह्यावर मरणार नाही. नेनने तो शब्द छातीशी धरला. तिचा नवरा काइतानुस जन्मभर समुद्राचा राखणदार होता. तो गेल्यावर ते काम गावाने तिलाच दिलं. तिने शंख फुंकून झावळी बांधली, पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली, आणि समुद्र बंद झाला.

आता बंद म्हणजे बंद. नुहुलेरात बंदीच्या पाण्यात हात घालायचा नाही एवढंच नव्हे, तिथे होडी थांबवायची नाही, वाकून तळाकडे बघायचंसुद्धा नाही. बघितलं की हाव सुटते, असं जुनी माणसं सांगून गेली. तेव्हा मागच्या बाजूने जाणारी होडी आपली दूरवरून वळसा घालून जायची आणि होडीतली माणसं बेटाकडे तोंड करून बसायची. दोन वर्षं अख्ख्या गावाने मान वळवून ठेवली. कधीमधी कॉम्प्रेसरचा आवाज कानावर आला असेलही, पण जो तो म्हणाला, असेल कुणी लांबच्या पाण्यात. राखण करणारी नेनसुद्धा बांबूपर्यंत जायची, झावळी बदलायची आणि पाण्याकडे पाठ करून यायची. त्यातून परके लोक आठवडाभर यायचे नि महिनाभर गायब व्हायचे. झावळी कधी बदलायची हे हेर्मानुसला तोंडपाठ. चोराला याहून चांगला पहारेकरी कुठे मिळणार? तो पहारा आपण दिला, हे नेनच्या डोक्यात वाटेतच चमकलं, आणि ती एका माडाला धरून उभी राहिली.

कारण मेल्कियास.

जुलैत मेल्कियासची बायको ओक्ताविना चौथ्या महिन्यात होती. पोटात काही ठरत नव्हतं. कसाव्याची भाकरी बघितली तरी ओकायची. त्या आठवड्यात समुद्र खवळलेला, मासा नाही. एका संध्याकाळी हा गडी ओहोटीला कातळावर गेला आणि पाच लोला घेऊन आला, तिला रस्सा करून द्यायला. रस्सा झालाच नाही. नेनने त्याला वाटेतच धरला. पाचही काइतानुसच्या कड्यातून घालून बघितले. ते वेताचं कडं तिच्या दाराला टांगलेलं असतं, त्यातून जो लोला आरपार जातो तो लहान, तो समुद्राचा. एकही आरपार गेला नाही. चोरी करतानासुद्धा मेल्कियासने लहान घेतला नव्हता. ते बघूनही नेन बधली नाही. रीत म्हणजे रीत. पाचही लोलांची माळ करून तिने स्वतः त्याच्या गळ्यात बांधली आणि काशाची थाळी वाजवत त्याला गावभर फिरवला. प्रत्येक दाराशी थांबून त्याने म्हणायचं, मी झावळी मोडली. दारातल्यांनी पाठ करून उभं राहायचं. सव्वीस दारं झाली. शेवटचं दार ज्याचं नुकसान झालं त्याचं, म्हणजे गावाचं, म्हणजे राजाचं. तिथे हेर्मानुसने आपल्या हाताने माळ काढली आणि वर भाषण केलं की गावाच्या पोटावर पाय देणारा गरीब असला तरी त्याला माफी नाही. नवाकोरा शर्ट घालून केलं. जुलैत. एप्रिलपासून निळी होडी मागे उभी होती आणि हा जुलैत भाषण करत होता.

तेव्हापासून मेल्कियास नेनशी बोलत नव्हता. ज्याने तिच्या लेकीसाठी हातांची सालटी काढली तो तिला वाटेत बघून पलीकडे जायचा, आणि नेन मनाची समजूत घालायची की आपण रीत पाळली.

ती तडक राजाच्या घरी गेली. ओसरीवर नवे पत्रे चढले होते, कोपऱ्यात जनरेटर, आत पांढराशुभ्र फ्रीझर. हे सगळं गेल्या सहा महिन्यांत आलेलं. लोक म्हणायचे, शहरातल्या पोराने पाठवलं असेल. नेनने सारोंगची घडी सोडली आणि चकत्या त्याच्या चहाच्या बशीत ओतल्या.

हेर्मानुसने बशीकडे बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं, आणि बायकोला आत जायला सांगितलं. नाही म्हणाला नाही. एवढं मात्र खरं, नाही म्हणाला नाही. त्याने तिला खुर्ची दिली आणि समजावायला लागला. व्यापारी चांगला माणूस आहे, त्याने आगाऊ दिलं, त्यातलं थोडं घरात लागलं, पण इंजिनाचा शब्द दिलाय त्याने. यंदा जमलं नाही तर पुढल्या वर्षी नक्की.

"ओक्ताविनाचे दिवस डिसेंबरात भरतात," नेन म्हणाली. "तिला काय सांगू, पुढल्या वर्षापर्यंत थांब म्हणून?"

हेर्मानुस खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून बोलला. आणि हे जे बोलला ते नेनला मरेपर्यंत विसरता येणार नाही.

"वहिनी, सांग ना गावाला. मी कुठे अडवतोय? पण काय होईल ते मी सांगतो. लोक म्हणतील, झावळीत काही राम नाही. उद्या सकाळी सगळे कातळावर तुटून पडतील, जे उरलंय तेही ओरबाडतील. आज लोक तुझ्या झावळीला भितात म्हणून निदान थोडं तरी शिल्लक आहे. काइतानुसदादाने जन्मभर सांभाळलेली रीत तुझ्या तोंडाने मोडायची असेल तर मोड. नाहीतर परवा बोट येऊन जाऊ दे. तुझा वाटा मी ठेवलाय."

निलाजरेपणाला काही हद्द? चोरी करायची ती करायची, वर चोरी लपवायचं ओझं लुटलेल्याच्याच डोक्यावर द्यायचं, आणि मेलेल्या भावाचं नाव घेऊन. पण बोलणं खोटं नव्हतं. लोक चिडतील, आणि चिडलेली माणसं एका दिवसात कातळ साफ करतील, हे तिलाही दिसत होतं. ती उठली. गोण्या कुठे आहेत, एवढंच विचारलं. धक्क्यावरच्या गोदामात, तो म्हणाला, बत्तीस आहेत, बाहेरून खोबरं लिहिलंय. अशा थाटात म्हणाला की जणू गोण्या नीट झाकून ठेवल्या हे त्याने गावावर उपकारच केले.

नेन घरी गेली नाही. मेल्कियासच्या घरी गेली. तो अंगणात होडीची उलांडी बांधत बसला होता. तिला बघून त्याने मान खाली घातली आणि काथ्याची गाठ आवळत राहिला. ओक्ताविना दारात, सातवा महिना, पाय सुजलेले. नेन जमिनीवर बसली. म्हाताऱ्या बाईने असं खाली बसणं बरं दिसत नाही म्हणून ओक्ताविनाने चटई आणली, ती नेनने बाजूला सारली. आणि वासापासून फ्रीझरपर्यंत सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, हेर्मानुस काय म्हणाला तेही.

मेल्कियासने गाठ पुरी केली. दोर कापला. मग म्हणाला, "किती गोण्या?"

"बत्तीस."

"आणि माझे पाच."

एवढंच. शिवी दिली असती, अंगावर धावला असता, तर नेनला बरं वाटलं असतं. ती तिथेच रडली. मग मेल्कियास उठला. म्हणाला, गोदामाला काडी लावतो. म्हणाला आणि खरोखरच उठून चुलीकडे गेला. ओक्ताविनाने त्याचा हात धरला. नेन डोळे पुसत म्हणाली, काडी लावलीस तर तू गुन्हेगार आणि तो साव. शिवाय ते लोला आपले आहेत, गावातल्या पोराबाळांचे घास आहेत त्यात, जाळतोस काय.

"मग तुझी रीत काय सांगते?" त्याने विचारलं. टोमणाच होता तो.

नेन उत्तर द्यायला तोंड उघडते तोच थांबली. रीत काय सांगते? रीत एवढंच सांगते की राखणदाराने कारण सांगून, नाव घेऊन जिथे झावळी बांधली ते बंद. समुद्रच असला पाहिजे असं कुठे आहे? तिच्या लहानपणी एका भांडणात विहिरीला झावळी बांधली होती. एकदा एका नवऱ्याच्या होडीला. ती मेल्कियासकडे बघत राहिली.

"परवा पहाटे माडावर चढशील?" ती म्हणाली. "कोवळी हवी. नुकतीच उमललेली."

गुरुवारी बोट आली. महिन्यातून एकदा येते, त्यामुळे झाडून सगळं गाव धक्क्यावर होतं. खोबऱ्याची पोती, केळ्यांचे घड, पाय बांधलेल्या कोंबड्या, जाणारे, पोचवायला आलेले, नुसतेच बघे. बोटीची शिडी लागली. गोदामापुढे हेर्मानुसचे आठ हमाल उभे होते, गावातलेच. आणि गोदामाच्या दाराला, कुलपाच्या वर, आडवी झावळी बांधलेली होती. पिवळी, ओली, टोकं वेणीसारखी गुंफलेली. तिच्याखाली नेन फेब्रोनिया उभी होती. हातात काइतानुसचा शंख.

तिने तो फुंकला. धक्क्यावरचा गलका बंद झाला.

मग तिने रीतीप्रमाणे नाव घेतलं आणि कारण सांगितलं. मी फेब्रोनिया, काइतानुसची बायको, या समुद्राची राखणदार. माझी लेक देल्फिना वल्ह्यावर मेली, तिच्या नावाने ही झावळी बांधतेय. या दाराआड गावाचे लोला आहेत, बंदी असताना काढलेले. गावाने बसून ठरवेपर्यंत इथून काही बाहेर जाणार नाही. एवढं बोलून ती बाजूला झाली. कोणी काढले हे तिने सांगितलंच नाही.

हमालांनी एकमेकांकडे बघितलं आणि मागे सरले. जबरदस्ती नाही, आरडाओरड नाही. झावळी होती, संपलं. त्यातला एक तर लगेच केळ्याच्या घडावर बसून विडी शिलगावायला लागला.

हेर्मानुस लोकांतून वाट काढत आला. नवा शर्ट. हसत हसत आला. वहिनीला दुःखाने भ्रम झालाय, असं काहीबाही म्हणाला, खोबरं आहे आत, खोबरं. कोणी हसलं नाही. त्याने हमालांना हुकूम केला, ते हलले नाहीत. दुप्पट मजुरी देतो म्हणाला, ते जमिनीकडे बघत राहिले. तेवढ्यात बोटीने पहिला भोंगा दिला. शिडीवर व्यापाऱ्याचा माणूस उभा राहून घड्याळाकडे बोट दाखवत होता. आणि तिथे हेर्मानुसचा तोल गेला.

"अरे पानच तर आहे," तो ओरडला. "माडाचं पान. रोज झाडतो अंगणातून."

आणि त्याने हात घालून झावळी ओढली. ती तुटली.

धक्क्यावर दीडशे माणसं होती, सगळ्यांनी ते पाहिलं. मेल्कियासच्या गळ्यातली माळ ज्याने गावाच्या नावाने काढली होती, तोच हा माणूस. नेनच्या मनात आलं, सगळे आता उलटतील, कातळावर धावतील, हा म्हणाला तसंच होईल. पण कोणी हललं नाही. हेर्मानुसने कुलूप काढलं, आत गेला, आणि हमाल येत नाहीत म्हटल्यावर स्वतः एक गोणी ओढत बाहेर आला. साठीचा माणूस, पोट सुटलेलं. गोणी जड. चार पावलं ओढली, पाचव्या पावलाला ती धक्क्याच्या खिळ्याला अडकून उसवली.

खळखळ करत लोला पसरले. पायांखाली, फटींतून, कोंबड्यांमध्ये. अंगठ्याएवढे, सुपारीएवढे. पोरांच्या मुठीत दहा-दहा मावतील एवढे.

नेनने कमरेला बांधून आणलेलं काइतानुसचं वेताचं कडं सोडलं. वाकली, एक लोला उचलला, कड्यातून घातला. आरपार. दुसरा घातला, तोही आरपार. मग कडं तिने शेजारच्या बाईच्या हातात दिलं, त्या बाईने दोन-तीन घालून बघितले आणि पुढे दिलं. कडं धक्क्यावर हातोहात फिरायला लागलं. फक्त लोला कड्यातून फळ्यांवर पडल्याचा टक टक आवाज. तो आवाज ऐकत हेर्मानुस रिकाम्या गोणीचं टोक धरून उभा होता. बोटीने आणखी दोन भोंगे दिले, शिडी ओढली आणि ती निघून गेली. एकतीस गोण्या आतच राहिल्या.

शेवटी तो घराकडे वळला. धक्क्यावरून घरी जायला एकच रस्ता आहे, गावातून. लोक त्याच्याआधीच पुढे गेले होते. पहिल्या दाराशी तो पोचला तेव्हा दारातल्या माणसांनी त्याच्याकडे पाठ केली. दुसऱ्या दाराशी तेच. त्याच्या गळ्यात काही नव्हतं, पण चाल ती कुठली हे त्यालाही कळलं असणार, कारण तो भरभर चालायला लागला.

आणि मग मागून काशाची थाळी वाजली.

थाळी मेल्कियास वाजवत होता. पण त्याच्यापुढे चालत होती नेन. तिने उसवलेल्या गोणीतले पाच लोला उचलले होते, मेल्कियासच्या काथ्यात ओवले होते, आणि माळ स्वतःच्या गळ्यात घातली होती. पहिल्या दाराशी ती थांबली.

"मी पाच लोलांसाठी मेल्कियासला फिरवलं," ती म्हणाली, "आणि राजा बत्तीस गोण्या काढत होता तिकडे पाठ करून उभी राहिले. राखण माझी होती."

दारातल्या म्हातारीला पाठ करावी की नाही हे सुचेना. ती रडायला लागली. नेन दुसऱ्या दाराशी गेली. तेच बोलली. तेच शब्द, तोच आवाज, ना चढवलेला ना उतरवलेला. पुढे हेर्मानुस चालत होता आणि प्रत्येक दाराशी ते त्याच्या कानावर पडत होतं. बत्तीस गोण्या. बत्तीस गोण्या. तो घरात शिरला आणि त्याने दार लावून घेतलं. त्याच्या लावलेल्या दारापुढेही नेन थांबली आणि बोलली.

शेवटचं दार ज्याचं नुकसान झालं त्याचं. नेनची फेरी राजाच्या दाराशी संपली नाही, ती मेल्कियासच्या अंगणात आली. ओक्ताविना दाराच्या चौकटीला धरून उभी होती. माळ आता तिने काढायची. तिने दोन्ही हात वर केले, काथ्याच्या गाठीला बोटं लावली, आणि नेनने तिचे हात खाली घेतले.

"राहू दे," ती म्हणाली. "इंजिन येईपर्यंत राहू दे."

ती माळ घालूनच ती जेवली, झोपली, उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन ती राजाच्या ओसरीच्या पायरीवर बसली. काही मागितलं नाही, काही बोलली नाही. हलली की माळ खुळखुळायची. तिसऱ्या दिवशी तिच्या शेजारी आणखी दोन बाया येऊन बसल्या, गळ्यात प्रत्येकी पाच-पाच लोला. आम्हीही पाठच केली होती म्हणाल्या. पाचव्या दिवशी आठही हमाल आले. ओसरी भरली, अंगण भरलं. हेर्मानुसची बायको सगळ्यांना पाणी द्यायला बाहेर आली ती आत गेलीच नाही, तिथेच बसली. आणि कातळावर? कातळावर एकही माणूस गेला नाही, निळी होडीही फिरकली नाही. बांबूवर नवी झावळी होती, त्या दिवशीही, त्यानंतरही.

नवव्या दिवशी सकाळी राजाच्या घराचं दार उघडलं. हेर्मानुस आणि त्याचा जावई फ्रीझर उचलून बाहेर आले, मग जनरेटर, मग ओसरीवरचे नवे पत्रे उतरवायला शिडी लावली. अंगणातली माणसं बाजूला सरकली आणि वाट दिली. मेल्कियासने होडी धक्क्याला आणली. तो आणि पाच जण, पुन्हा सहा वल्ही, हे सगळं मोठ्या बेटावर विकून इंजिन आणायला निघाले. वारं अजून पश्चिमेचं झालं नव्हतं.

निघताना मेल्कियासने नेनला हाक मारली. जुलैनंतर पहिल्यांदाच. म्हणाला, आता तरी काढ ती माळ, मान दुखेल.

"आधी आवाज ऐकू दे इंजिनाचा," नेन म्हणाली आणि पायरीवर परत जाऊन बसली.